पाण्यावरच्या खोलीसाठी खरेदी

एलिसेओनं पुएर्तो मोंतहून यादी धाडली:
पंचावन्न इंची टीव्ही, भिंतीला जडवायचा,
बोलका स्पीकर, दाराला आकड्यांचं कुलूप,
आणि वाय-फाय. "आई, ते मात्र चांगलं घे,
नाहीतर लोक तारे कापतात."

शेजारच्या ओर्तेन्सियानं व्हिडिओ गेम ठेवलाय.
तिला पाच तारे. मला साडेचार.
कास्त्रोच्या आभाळात आठवडेच्या आठवडे
एकही दिसत नाही,
आणि मी अर्ध्यासाठी झुरते.

भिंत ठोकून पाहिली. आलेर्सेचं लाकूड,
साठ वर्षं मिठात मुरलेलं.
खाली खांब, खांबांखाली चिखल,
दिवसातून दोनदा समुद्र येतो
आणि तक्तपोशीखालून चौकशी करून जातो.
दुकानातला पोरगा म्हणाला,
हे ब्रॅकेट सत्तर किलो पेलतं.
मी म्हटलं, आणि घर?
तो हसला.

बोलका स्पीकर आठवड्यात परत केला.
एका रात्री, कुणी काही विचारलं नसताना,
तो रिकाम्या खोलीत म्हणाला:
"माफ करा, माझं चुकलं असेल."
सतरा वर्षांच्या संसारात
हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.
ऐकायला मिळालं, तेही यंत्राकडून.

मग वाय-फायवाला आला, जिना चढून धापा टाकत.
पासवर्ड सांगा म्हणाला,
वाढदिवस नको, आठ अक्षरांहून लांब हवा.
तोंडातून निघून गेलं: गोलोन्द्रीना ७४.
गोलोन्द्रीना म्हणजे पाकोळी.
आमची होडी. चौऱ्याहत्तरात बांधली,
पिवळी रंगवली, कारण पिवळा उरला होता.
सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात
ती किनाऱ्याला लागली नाही.
बाउदीलियोही नाही.

आता रोज कुणी ना कुणी तिचं नाव विचारतं.
जर्मन जोडपं, ब्राझीलची पोरं,
एक म्हातारा कोरियन, वहीत अक्षर अक्षर उतरवणारा.
पहिलं अक्षर मोठं का? मध्ये जागा सोडायची का?
मी दारात टॉवेल घेऊन उभी.
"लागलं का?"
ते फोनकडे पाहतात, थांबतात,
मग चेहरा उजळतो:
"लागलं."

चूल मात्र मी कुलपात घातली.
एलिसेओ म्हणाला, धूर, विमा, लहान मुलं.
विजेचा हीटर ठेवला, बरा आहे,
मांजरासारखा गुरगुरतो.

जुलैत सांतियागोहून एक बाई आली, एकटी.
तीन रात्री. बाजारात गेली नाही,
लाकडी चर्च पाहिलं नाही.
चौथ्या दिवशी चावीचे आकडे दाबून
मी चादरी काढायला आत गेले, तर
टीव्ही चालूच.
पडद्यावर लाकडं जळत होती.
नुसती लाकडं. आठ तासांची आग,
मधूनच तडतड, मधूनच एक ओंडका ढासळे,
आणि कुणीही तो सावरायला येत नव्हतं.
खुर्ची इतकी जवळ ओढलेली
की गुडघे पडद्याला टेकावेत.
दोन हातांवर, कुलपात, माझी चूल.

मी बसले. चादरी मांडीवर.
आणि हात पुढे केले, सवयीनं.
कुणी पाहिलं नाही.
पडदा थोडा कोमट होता, खरंच.

किती वेळ गेला कोण जाणे.
आग थबकली, मधोमध पाटी आली:
"तुम्ही अजून पाहताय का?"
हो आणि नाही, दोन चौकोन.
रिमोट सापडेना.
बाईनं तो कुठं ठेवला असेल
म्हणून मी खाली वाकले, पलंगाखाली,
कान फळ्यांना लागला.
भरती लागली होती.