पस्तिसावी ओळ

केयोनच्या धक्क्यावर आठवडाभर धुकं होतं.
सान्तियागोहून आणलेला तक्ता मी उघडला:
चौतीस जोखमी, चौतीस ओळी,
प्रत्येकीला एक मालक, एक रंग.
जवळजवळ सगळ्या हिरव्या.

खरेदीवाल्यांची हिरवी:
डॉलर चढला, त्यांनी खाद्य स्वस्तातलं घेतलं.
पिंजऱ्यावरच्यांची हिरवी:
गोळ्यांचा चुरा होतो थोडा, पण सामन खातात.
पाणबुड्यांच्या ओळीत अपघात शून्य.
मनुष्यबळ खात्याकडे तक्रार एकही नाही.
मी शिक्का मारणार होतो.

कॅन्टीनमध्ये नायादेत वेंचूर भेटली,
सतरा वर्षं पाण्याखाली काढलेली,
कपावर दोन्ही पंजे शेकत.
म्हणाली, तळ काळा झालाय.
पिंजऱ्यांखाली चुरा साचलाय गुडघाभर,
हातमोज्यांना सडक्या अंड्याचा वास येतो.
कुणाला सांगितलंस?
"तळाचा रकाना कुठल्या फॉर्मवर आहे?
आणि तोंड उघडलं की पुढच्या महिन्याचं कंत्राट
दुसऱ्याच कुणाचं असतं."

रात्री तक्ता पुन्हा पाहिला.
स्वस्त खाद्य, चुरा, तळ, पाण्यातला घटता प्राणवायू,
महिन्या-महिन्याच्या कंत्राटावरचं मौन.
एकच दोरी होती ती,
आणि आम्ही तिचे तुकडे करून
ज्याच्या त्याच्या कपाटात
नीट गुंडाळून ठेवले होते.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
इथे ठेच लागलेल्याला ओरडायची सोय नव्हती,
मागचा शहाणा व्हायचा कसा?

सकाळी बैठकीची खोली रद्द केली,
सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं.
वित्त विभागाचा ओस्वाल्दो बार्रिया
टाय सावरत पाणबुड्यांच्या ओल्या बाकावर टेकला.
बराच वेळ कुणी बोलेना.
मग नायादेतने टेबलावर एक बरणी ठेवली,
पहाटेच तळातून भरून आणलेली,
आणि झाकण काढलं.

वास सगळ्या खात्यांत एकदमच पोचला.

सुटलं काहीच नाही, कबूल.
खाद्याचा करार डिसेंबरपर्यंतचा आहे,
दोन पिंजरे बहुतेक जातील.
नायादेतचं वर्षभराचं कंत्राट मी टाइप करून दिलंय,
बार्रियाची सही व्हायची आहे.

तक्त्यात पस्तिसावी ओळ घातली.
मालकाच्या रकान्यात बोट अडलं:
"सगळे" लिहावं, तर त्याचा अर्थ कुणीच नाही.
मग एकाखाली एक सहा नावं लिहिली,
माझं धरून.
रकाना फुगला, छापताना पान फाटक्यासारखं दिसतं.
रंग अजून भरलेला नाही.

बरणी माझ्या खिडकीत आहे.
झाकण तेव्हापासून घट्ट बसत नाही.