भूल

मखमलाबादच्या मळ्यात छाटणीनंतरचा पाचवा दिवस.
काड्यांना पेस्ट लागलेली, डोळे अजून फुटायचे होते.
मी रविवारची भावाकडे आलेले, बांधावर बसलेले,
आणि ती मागे मागे चालत आली.

निळी-काळी, दौतीत बुडवून काढल्यासारखी.
पंख सारखे झटकत, कसल्यातरी घाईत,
ओढत होती स्वतःच्या दुप्पट कोळी.
लांडगा कोळी. हा जाळं विणत नाही,
पायांच्या भरवशावर धावून शिकार करतो.
ते आठही पाय ढेकळांवरून फरफटत होते.

यमुना गावित काड्या बांधताना थांबली, दातांत सुतळी.
"कुंभारीण का गं ही?"
"नाही ताई. कुंभारीण चिखल आणते, घर बांधते.
हिला नुसतं उकरता येतं."

बीळ ठिबकच्या नळीजवळ.
कोळ्याला तिने गवताच्या बेचक्यात ठेवलं, मुंग्यांपासून उंच,
आत जाऊन जागा पाहून आली,
आणि बेचकंच सापडेना.
तीनदा शेजारून गेली.
"भूल पडली तिला," यमुना म्हणाली.
मी बोट दाखवणार होते,
पण कुणाच्या बाजूने, ते कळेना.

मग वाकून कोळ्याकडे पाहिलं. सवयच ती.
तेवीस वर्षं मी माणसांना भूल देते,
शंभरपासून उलटे आकडे मोजायला लावते;
शहाण्णवच्या खाली सहसा कुणी उतरत नाही.
इथे मॉनिटर नव्हता,
पण पाठीवरच्या पट्ट्याखाली
काहीतरी हळूहळू ठोकत होतं.
डोस अचूक.
मरणाच्या अलीकडे, उठण्याच्या पलीकडे,
मधल्या त्या बोटभर जागेत
मी रोज उभी असते, घड्याळाकडे बघत.

सापडला तिला. नेला आत.
एक अंडं घातलं असेल, एकच, पोटाच्या कडेला.
बाहेर येऊन शेपटाच्या टोकाने माती ठोकत बसली,
चोपण्याने जमीन चोपावी तशी,
नीट, वेळ काढून. आता घाई नव्हती.

"मेला का तो?" यमुनेने विचारलं.
"नाही."
"मग झोपला?"
मी काही बोलले नाही.
तिने सुतळी तोडली, पुढच्या वेलीला गेली.

उद्या साडेआठला पहिली केस, सिन्नरच्या बाई, पित्ताशय.
मास्क लावायच्या आधी मनगट धरून विचारतील,
उठेन ना मी?
हो, म्हणेन. नेहमीच म्हणते.
नखांत आजची माती राहिली असेल,
कितीही घासले हात तरी.