शंभरातल्या नऊ

केंद्रावरच्या न्यानबाईंनी
बोटुकलीच्या पाठीचं मांस दोन काचांत चेपलं
आणि म्हणाल्या, बघ.
खसखशीहूनही बारीक
एक गोल कोश, आणि आत
कुणीतरी कूस बदलत होतं.

शंभरातल्या बासष्ट.
सगळी विकायची होती,
निन्ह को नदीपल्याडच्या तळ्यांना,
मोटारसायकलवरून, पिशव्यांत हवा भरून.

मला वाटलं, पाणीच वाईट.
पाणी नुसता रस्ता आहे, म्हणाल्या,
आणि त्यांनी माझं घर विचारलं:
मोरी कुठे उतरते?
डुकरांची खोपटी कुठल्या अंगाला?
मांजर काय खातं?
पानावर कच्चं कोण खातं?

मग हिवाळ्यात तळं उपसलं.
गाळ मांडीएवढा, सासूच्या लग्नापासूनचा.
त्यातून एक चिनीमातीची वाटी निघाली, फुटकी.
तळ उघडा टाकला, दिसेल त्या उन्हात,
भेगा पडेपर्यंत. चुना फेकला.
पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी.
काठचं गवत तासलं,
खोपटीचा पाट वळवून खड्ड्यात सोडला.
मांजराला उकडलेलं. ते तीन दिवस रुसलं.

सासरे काही बोलले नाहीत.
रोज पहाटे बांधावर वाकून
गोगलगायी वेचत राहिले,
एक हात गुडघ्यावर,
जणू कुणाची तुटलेली बटणं शोधताहेत.

नवं जिरं सोडलं. चौदा आठवड्यांनी पुन्हा काचा.
शंभरातल्या नऊ.
मी हसले. न्यानबाई हसल्या नाहीत.
वहीत नऊ लिहिलं, रेघ ओढली,
रेघेखाली जागा सोडली.

आज संध्याकाळी ओसरीवर
भाजून दळलेल्या तांदळाचा वास.
पातळ कापलेला गवत्या, पिठात घोळलेला,
अंजिराच्या कोवळ्या पानात गुंडाळून
चार म्हातारे, आणि बाटली.
"ख्येम, तुझी सून बघतेय," एकजण म्हणाला.
"साठ वर्षं खातोय," सासरे म्हणाले, "मेलो का?"
न्यानबाईंनी दिलेल्या गोळ्या
सदऱ्याच्या खिशात तशाच, कागदासकट.
नखांत अजून बांधावरचा चिखल.

मासा कुठल्या तळ्यातला, मी विचारलं नाही.
मोरीचं झाकण पायाने दाबून पाहिलं.
उंबऱ्यावर मांजर
ताटाकडे बघत बसलं होतं,
आणि मी मांजराकडे.