मावेल तेवढं

योआनिनाच्या वरच्या गावात, बर्फ वितळायच्या दिवसांत,
लाम्ब्रोसनं आयुष्यात पहिल्यांदा
स्पानाकोपिता करायला घेतला. वय एकाहत्तर.

पॉलिक्सेनीच्या वहीत प्रमाण नाही कुठंच.
पिठापुढे लिहिलंय: पाण्यात मावेल तेवढं.
मिठापुढे: आधी फेटा चाखून बघ.
समासात एक फोन नंबर, गॅसवाल्याचा असावा.

पालक चिरला, मीठ चोळून पिळला,
सुताराच्या हातांनी, इतका
की हिरवं पाणी बाहीत शिरलं.
शेपू, कांद्याची पात, फेटा कुस्करून.
अंडी दोन. तिसरं निसटलं,
ते मांजरानं फरशीवरच निकालात काढलं.

मग लाटणं. चेरीच्या लाकडाचं, काठीसारखं लांब,
लग्नाच्या वर्षी त्यानंच तासून दिलेलं.
दोन ठिकाणी झिजलंय.
तिथं तळवे ठेवले, तर
जागा अरुंद.

पहिली पारी उचलताना फाटली.
दुसरी ओढताना. तिसरीला भोक,
समोरचं अख्खं चर्च दिसावं एवढं.

वहीचं पान उलटलं. तळाशी, तेलाच्या डागाखाली:
फाटलेल्या मधे घाल. वर एक चांगली पुरे.

चाळीस वर्षं
वरचा कुरकुरीत पापुद्रा मोडत तो म्हणायचा,
तुझी कशी गं कधी फाटत नाही?
ती म्हणायची, खा गरम आहे तोवर.

आता तो थर लावतोय, तेलाचा हात फिरवत,
फाटकीवर फाटकी.
ओव्हन तापलाय.
वरच्या एकीसाठी
परातीत पुन्हा पाणी,
आणि पीठ,
मावेल तेवढं.