तळ

शुक्रवारी ड्राय-डॉक बंद.
हिद्दहून दोन बस बदलून करबाबादला पोहोचलो तेव्हा
हाजी मन्सूर उंबऱ्यात बसून
खजुरीची पात भिजवत होते.
वर्ना हॉलिस वेल्डिंग तपासते,
मी स्टोअरमधून रॉड मोजून देतो. एवढीच ओळख.
तिने न विचारता मांडी घातली, पिशवी सोडली:
हेझलच्या सोललेल्या काड्या, थेट ओरेगॉनहून.
विमानतळावरच्या पोऱ्याने विचारलं होतं, हे काय?
पाळणा, ती म्हणाली. अजून व्हायचाय.

मी बुरडाचा पोर.
बाप म्हणायचा, तळ चुकला
की डालगं जन्मभर डुलतं.
मला हे काम येतं, असं इथे वीस वर्षांत
कुणाला सांगितलं नव्हतं.

ती काड्या लावत बोलत राहिली.
सिलेट्झ ही आधी नदी.
मग तिच्या काठी हाकून आणलेली माणसं,
कुणी किनाऱ्याने चालवत, कुणी आगबोटीत कोंबून,
इतक्या बोलींची, की शेजारणीकडे मीठ मागायचं
तर हाताने खुणा.
सरकार म्हणालं, आता तुमचा तळ इथे.
पुढे तोही कुरतडला,
आधी मधून, मग दोन्ही टोकांनी.

"आणि चोपन्न साली कागद निघाला, की आम्ही नाही."
म्हणजे?
"म्हणजे आजी सकाळी उठली, मासे साफ केले,
आणि ती नव्हती."

आमच्या कॅम्पात यासाठी शब्द आहे: कॅन्सल.
तो हळू आवाजातच बोलतात.
बशीर कॅन्सल झाला तेव्हा रात्रीत खाट रिकामी,
चपला तेवढ्या दाराशी.
पण बशीरला परतायला कोल्लम होतं.
हिची माणसं त्यांच्याच नदीवर कॅन्सल.
पाठवणार कुठे?

तेवीस वर्षांनी दुसरा कागद: आहात.
"रिन्यू," ती हसून म्हणाली.
हा शब्द ती इथेच शिकली.

मग तिने फोनवर वारलेल्या मावशीचा आवाज लावला.
मावशी एकच शब्द म्हणते, टोपलीचा,
आणि मधोमध घसा मिटतो, क्षणभर, पुन्हा उघडतो.
हाजींना तो पहिल्या झटक्यात जमला;
त्यांच्या अरबीत असा थांबा असतो.
मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा मिरजेचा निघाला.

तिसऱ्या फेरीला तिची एक काडी सुटली.
मी हात पुढे केला, विचार न करता.
अंगठ्याला सगळं पाठ होतं,
फक्त बांबू नव्हता.

साडेनऊची शेवटची बस.
तिच्या मांडीवर चार बोटं रुंद तळ:
तिचं हेझल, हाजींची पात,
आणि एका जागी माझी गाठ,
उलटी पडलेली.
तिने दिव्याखाली ती निरखून पाहिली.
सोडवली नाही.