टर्की

नाव नागमणीनं ठेवलं.
पहिल्याच दिवशी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली,
अम्मा, हा तर टर्किश टॉवेल!
तसाच होता. फासे घट्ट, एकही कापलेला नाही,
रंग काळा, उन्हात धरला तर काकवीचा.

नवे लूम बसवायला आलेल्या साहेबाचा तो.
साहेब परत गेला, कुत्रा राहिला,
दोन महिने वॉचमनच्या खोलीत साखळीला.
जातीचं नाव मी दोनदा विचारलं, दोनदा निसटलं.
पाण्यातला कुत्रा, एवढं राहिलं लक्षात,
जाळी ओढणारा, कामाचा.
मी म्हटलं, बाबा, आमच्या सोलापुरात
पाणी चार दिवसांनी येतं.

मी फिनिशिंगला आहे, अठरा वर्षं.
टॉवेलावरचे सुटे दोरे कात्रीनं टिपते.
दोरा ओढायचा नाही. ओढला की ओळच्या ओळ येते.
म्हणून याचे केस मला कुणी शिकवावे लागले नाहीत.
बोटभर पट्टा घ्यायचा, कातडीपासून बाहेर,
कंगवा अडला की थांबायचं, गाठ बोटांनी फोडायची.
कानामागं, काखेत, जिथं साखळी घासली तिथं.
हा केस गाळत नाही.
जुना नव्यात अडकून राहतो,
वरून कुरळा, देखणा,
आत नमदा.

एप्रिलात पारा त्रेचाळीस.
गल्ली म्हणाली, पद्मक्का, भादरून टाक त्याला.
शेजारचा अंबादास मशीन घेऊनच आला.
जनावरांच्या दवाखान्यातले कणबस डॉक्टर म्हणाले,
टाल करू नका, अंगठ्याएवढे ठेवा,
ते त्याचं छप्पर आहे.
मग अंगठा लावून लावून कापले.
बॉर्डर सरळ आली नाही.
कारखान्यात असता तर सेकंडमध्ये गेला असता.

तरी त्याला चैन नाही.
एका दुपारी त्यानं लग्नातली चादर
काठापासून उसवत आणली, मोर तेवढा ठेवला.
मी चप्पल उचलली होती.
पण ज्या आठवड्यात कारखाना तीनच दिवस चालतो
त्या आठवड्यात मीही घासलेला डबा परत घासते,
लावलेलं कपाट परत लावते.
चप्पल खाली ठेवली.

हिप्परग्याच्या तलावावर नेला,
अंबादासच्या स्कूटरवर, दोघांच्या मध्ये बसवून.
पाणी पाहून थांबला.
भुंकला नाही, शेपूटही हलवली नाही.
मग काठावर नव्हताच.
तिपण्णा भोई ट्यूबवर बसून जाळं सोडत होता,
एक थर्माकोलचं बूच सुटून वाऱ्याला लागलेलं.
यानं ते आणलं,
माझ्याकडे नाही,
तिपण्णाच्या हातात दिलं.
माल कुणाचा, ते त्याला कसं कळलं?

आता सुट्टीच्या दिवशी पहाटे जातो.
तिपण्णा 'बा' म्हणतो, मी 'रा' म्हणते,
नागमणी शाळेतलं 'ये'.
तिन्हींना तो एकाच चालीनं येतो.
मजुरी ठरलेली, दोन चिलापी.
उकडून काटे मी काढते.

घरी परतल्यावर माझी पाळी.
कान उलटून कोरडे करायचे, वास घेऊन बघायचा.
बोटांच्या बेचक्यांत कुसळं शोधायची.
एकदा एक राहिलं, पंजा सुजला,
आठ दिवस लंगडला. चूक माझी.
मग गच्चीत, दोरीखाली बसवते.
वर टॉवेल वाळतात, खाली तो.
टॉवेल आधी वाळतात.
याचं वरून बघून कळत नाही,
बोटं आत घालावी लागतात.

घातली.
अजून ओला आहे.
बसते मग.