सव्वा

हॅम्बुर्गहून आलेले १.२५०
आमच्या प्रोग्रामने सव्वा युरो वाचले.
साडेबाराशे होते ते.
परसोडीच्या आयटी पार्कात सगळे माझ्याकडे असे बघत राहिले
जणू उरलेले मीच खिशात घातले.

तिकडे टिंब हजार तोडतं, स्वल्पविराम पैसे.
अमेरिका तीन-तीनने चालते.
आपण आधी तीन, मग दोन-दोन,
लाखापाशी जरा थांबून.
निमजेला हे फोनवर समजावताना
माझंच एक शून्य जास्त पडलं.

रात्री घरी बाबा, विणकर सोसायटीचं रजिस्टर
कूलरच्या वाऱ्यात कोपराने दाबून बसलेले.
त्यात टिंब नाही, विराम नाही.
सव्वा लिहायला एकापुढे उभी रेघ: १।
"एवढंच?" मी म्हटलं.
"मंग? आपण तं राह्यतोच सव्वा रुपयात.
पाच पावल्या मोज."

पाचपावली.
आधार कार्डावर, लग्नाच्या बायोडेटात,
कुरियरवाल्याला ओरडून सांगताना
कधी बेरीज केली नव्हती.

दुरुस्ती पाठवताना चाचणीला एक आकडा हवा होता.
मी तोच टाकला.
नागपूरला टिंब आलं, हॅम्बुर्गला स्वल्पविराम.
उभ्या रेघेसाठी
यादीत गाव नव्हतं.